कपाटातील वही आणि कायदा

गणेश चतुर्थी जवळ येऊ लागली की आपल्या बेटावर गावोगावच्या मंडळांत वह्या बाहेर निघतात. कोणत्या घराने गेल्या वर्षी किती रुपये दिले, कोणाकडे किती माणसे, कोणाचा मुलगा कोणत्या कॉलेजात आहे, कोणाच्या घरी आजारपण आहे म्हणून यंदा वर्गणी मागू नये, हे सारे त्या वह्यांत असते. अलीकडे वहीच्या जोडीला टेलिफोन आला आहे. वहीच्या पानाचा फोटो काढून चिटणीस तो खजिनदाराला पाठवितो आणि खजिनदार आणखी चौघांना. यात कोणाचा वाईट हेतू नसतो. "ही माहिती घेऊन तुम्ही काय करता?" असे कोणी विचारलेच, तर उत्तरही तयार असते : "आम्ही माहितीचे काही करत नाही. ती फक्त आमच्याकडे असते."

या शेवटच्या वाक्याविषयी आज आम्हाला लिहावयाचे आहे. कारण मॉरिशसच्या कायद्याप्रमाणे ते वाक्य खरे नाही.

आपल्या देशात वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा पहिला कायदा २००४ साली झाला. त्याच्या जागी २०१७ चा डेटा प्रोटेक्शन अ‍ॅक्ट आला आणि तो १५ जानेवारी २०१८ पासून अमलात आहे. या कायद्याचा सारा डोलारा एका शब्दावर उभा आहे, तो शब्द म्हणजे 'प्रोसेसिंग'. माहितीचे प्रोसेसिंग होत असेल तर कायदा लागू, होत नसेल तर नाही. म्हणून या शब्दाचा अर्थ नीट समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

आपल्याकडे या शब्दाने प्रथम साखर कारखाना डोळ्यांपुढे येतो. ऊस आत जातो, पिळला जातो, रस उकळतो आणि शेवटी साखर बाहेर पडते. मधल्या त्या उलथापालथीला आपण प्रोसेसिंग म्हणतो. ऊस लॉरीत भरून कारखान्याच्या आवारात नुसता उभा आहे, तोवर त्याचे प्रोसेसिंग सुरू झाले असे कोणी म्हणणार नाही. माहितीच्या बाबतीत कायदा मात्र तसे म्हणतो. त्याच्या हिशेबी ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, आवारात ठेवला, कोणी येऊन पाहून गेला, दुसऱ्या कारखान्याला दिला किंवा नको म्हणून पेटवून दिला, हे सगळेच प्रोसेसिंग!

कायद्यातील व्याख्येत क्रियापदांची एक लांबलचक माळच आहे. माहिती गोळा करणे, नोंदविणे, लावून ठेवणे, तिची रचना करणे, साठविणे, तिच्यात बदल करणे, शोधून काढणे, पाहणे, वापरणे, दुसऱ्याकडे पाठविणे, पसरविणे, कोणत्याही रीतीने उपलब्ध करून देणे, दुसऱ्या माहितीशी जोडणे, तिच्या वापरावर बंधन घालणे, पुसून टाकणे, नष्ट करणे. व्याकरण शिकविणाऱ्याला या यादीत आणखी एक गोष्ट दिसते. यादीच्या आधी 'जसे की' अशा अर्थाचे शब्द आहेत. म्हणजे ही उदाहरणे झाली. यादी येथे संपत नाही. त्यात नसलेले एखादे क्रियापद शोधून "हे तर आम्ही करतो, पण ते यात नाही" अशी पळवाट काढता येत नाही.

आपल्याला परिचित असलेल्या फ्रेंच भाषेत यालाच 'ट्रेतमां' म्हणतात. डॉक्टर रोग्यावर करतात तोही ट्रेतमां. आमच्या मते इंग्रजी शब्दापेक्षा हा शब्द बरा, कारण त्यात 'आपण दुसऱ्याशी कसे वागतो' हा भाव आहे. मराठीत आम्ही 'हाताळणी' असा साधा शब्द सुचवू. हात लागला की हाताळणी झाली.

आणि माहिती म्हणजे तरी कोणती? ज्यावरून एखादी व्यक्ती ओळखता येते, किंवा थोड्या खटपटीने ओळखता येईल, अशी कोणतीही. नाव लिहिलेच पाहिजे असे नाही. लहान गावात "दुकानासमोरच्या घरातली, डायलिसिसला जाणारी मावशी" एवढे लिहिले तरी पुरे. अर्ध्या गावाला नाव कळते. आपले बेट लहान आहे आणि आपला समाज त्याहून लहान. मोठ्या देशात जे निनावी राहील ते आपल्याकडे राहत नाही, ही गोष्ट आपल्या मंडळांनी विशेष ध्यानात घ्यावी.

'नुसते ठेवणे' हीसुद्धा एक कृती आहे, हे या देशात केवळ पुस्तकातील तत्त्व राहिलेले नाही. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने त्यावर निकाल दिलेला आहे. १९८५ च्या राष्ट्रीय ओळखपत्राच्या कायद्यात २०१३ साली दुरुस्ती झाली आणि नव्या कार्डासाठी प्रत्येक प्रौढ नागरिकाच्या बोटांचे ठसे घेण्याचे ठरले. वाचकांपैकी बहुतेकांनी त्या वेळी रांगेत उभे राहून आपली बोटे काचेवर टेकविली असतील. एका नागरिकाने त्यास हरकत घेतली. (त्याचे नाव खटल्याच्या कागदांत आहे, पण येथे त्याची गरज नाही.) २०१५ च्या मे महिन्यात निकाल लागला, तो मुळातून समजून घेण्यासारखा आहे. न्यायालयाने म्हटले की, ठसे घेणे हा नागरिकाच्या अधिकारात हस्तक्षेप आहे खरा, पण सार्वजनिक व्यवस्थेसाठी तो समर्थनीय ठरतो. मात्र घेतलेले ठसे मध्यवर्ती साठ्यात ठेवून देणे समर्थनीय नाही. त्यासाठी पुरेशी संरक्षणे नाहीत आणि म्हणून ते घटनेशी विसंगत आहे.

म्हणजे घेणे वेगळे आणि ठेवणे वेगळे. एकाला परवानगी मिळाली म्हणून दुसऱ्याला आपोआप मिळाली असे नाही. प्रत्येक क्रियापदाने आपापले समर्थन स्वतः द्यावयाचे. प्रकरण पुढे लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलकडे गेले. त्या नागरिकाचे अपील ऑक्टोबर २०१६ मध्ये फेटाळण्यात आले, म्हणजे ठसे घेण्याविषयीचा भाग कायम राहिला. त्याने तरीही हार मानली नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीने २०२१ साली असे मत दिले की, कार्ड हरविले किंवा चोरीस गेले तर त्यातील ठशांची नक्कल होऊ नये यासाठी काय बंदोबस्त आहे, याचा पुरेसा खुलासा सरकारने केलेला नाही. सबब खाजगी जीवनाच्या हक्काचा भंग झाला आहे. तिन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता : माहिती हाती आल्यावर ती कोठे, किती काळ आणि कशाच्या भरवशावर पडून राहणार?

सरकारच्या कपाटाला जो प्रश्न विचारला गेला तो मंडळाच्या कपाटाला विचारला जाऊ नये, असे कोणतेही कारण आम्हाला दिसत नाही.

येथे काही मंडळी म्हणतील की हे सारे कॉम्प्युटरचे कायदे आहेत, आमची वही तर दोनशे पानी, लाल पुठ्ठ्याची, हाताने लिहिलेली. कायद्याने हा विचार आधीच केला आहे. यंत्राने केलेली हाताळणी त्यात येतेच. पण हाताने केलेली हाताळणीही येते, जर ती माहिती एखाद्या 'फायलिंग सिस्टिम'चा भाग असेल किंवा पुढे होणार असेल. फायलिंग सिस्टिम म्हणजे काही खुणेवरून माहिती सापडेल अशी रचना. जुन्या चिनी दुकानातला उधारीचा 'कार्ने' आठवावा. प्रत्येक घराचे वेगळे पान, नाव सांगितले की दुकानदार क्षणात ते पान काढी आणि महिनाअखेरचा आकडा वाचून दाखवी. ही उत्तम फायलिंग सिस्टिम होय. याउलट खिशातल्या चिठोऱ्यावर घाईने खरडलेला एखादा नंबर, जो कोणत्याही क्रमात नाही आणि कोठे नोंदविला जाणार नाही, तो यात येत नाही. मंडळाची वही गावाप्रमाणे, गल्लीप्रमाणे किंवा आडनावाप्रमाणे लावलेली असते. ती कार्नेच्या बाजूला पडते, चिठोऱ्याच्या नव्हे.

युरोपच्या न्यायालयाने १० जुलै २०१८ रोजी याच मुद्द्यावर निकाल दिला. फिनलंडमध्ये घरोघर जाऊन आपल्या पंथाचा प्रचार करणारे लोक भेटीनंतर टिपणे करीत : घरातील माणसाचे नाव, पत्ता, त्याची श्रद्धा, कुटुंबाची परिस्थिती. पुन्हा भेटीला जाताना आठवण राहावी एवढाच हेतू. न्यायालयाने म्हटले की, अशी टिपणे पुढच्या वेळी सहज सापडतील अशा रीतीने ठेवली असतील तर ती फायलिंग सिस्टिमच होय. छापील कार्डे किंवा विशिष्ट याद्या असल्याच पाहिजेत असे नाही. हा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. पण आपली व्याख्या युरोपच्या २०१६ च्या नियमावलीशी जवळजवळ शब्दाला शब्द जुळते, आणि मॉरिशस २०१६ पासून माहितीरक्षणाच्या युरोपीय कराराचाही भागीदार आहे. तेव्हा तिकडच्या न्यायाधीशांनी याच शब्दांचा काय अर्थ लावला हे पाहण्यात आपला फायदाच आहे.

भारतातील नातेवाईकांकडून वेगळे ऐकावयास मिळाले तर गोंधळून जाऊ नये. भारताचा २०२३ चा कायदा डिजिटल माहितीपुरता आहे. कागदावर असलेली आणि कधीही यंत्रात न गेलेली वही त्याच्या बाहेर राहते. पुण्याच्या मेहुण्याचे म्हणणे पुण्यात बरोबर असेल. येथे ते लागू नाही.

व्याख्येतील सर्वांत फसवे क्रियापद 'पाहणे' हे आहे. कारकुनाने कामासाठी फाइल उघडली ही हाताळणी, आणि आपल्या पुतणीला सांगून आलेल्या मुलाच्या घरची परिस्थिती कशी आहे म्हणून त्याच कारकुनाने कुतूहलाने फाइल उघडली हीदेखील हाताळणीच. दुसऱ्या वेळी कागद हलला नाही, एक अक्षरही कोणाला सांगितले नाही, तरी काहीतरी झाले. पाहण्याला कारण होते की नव्हते, एवढाच दोन्हींत फरक. आपल्यातील कितीतरी तरुण-तरुणी बँकांत, इस्पितळांत, विमा कंपन्यांत आणि सरकारी खात्यांत काम करतात. त्यांना हे त्यांच्या नोकरीत शिकविले जात असेल. घरच्यांनी मात्र त्यांच्यावर दडपण आणता कामा नये. "तू तिथेच आहेस ना, जरा बघून सांग की," हे वाक्य आपल्या घरांत फार सहजपणे बोलले जाते. बोलणाऱ्याला ते आपलेपणाचे वाटते. ऐकणाऱ्याची त्याने नोकरी जाऊ शकते.

आणि तोंडी सांगणे? येथेही युरोपच्या न्यायालयाने अलीकडे, ७ मार्च २०२४ रोजी, स्पष्ट उत्तर दिले. फिनलंडमधील एका टेलिव्हिजन कार्यक्रम करणाऱ्या कंपनीने स्पर्धेतील एका व्यक्तीवर फौजदारी खटले आहेत काय, असे न्यायालयाच्या कचेरीत तोंडी विचारले होते. माहिती फायलीत नोंदलेली असेल तर ती तोंडाने सांगणे हीसुद्धा हाताळणीच, असे ठरले. ओट्यावर बसून केलेल्या गप्पा यात येत नाहीत, कायदा गप्पांच्या मागे लागलेला नाही. पण वही पुढ्यात उघडून "अमक्याने तीन वर्षांत एक रुपया दिलेला नाही" असे सभेत वाचून दाखविणे या गप्पा नव्हेत.

स्वीडनमधील एक जुना खटला आपल्यासारख्या समाजाने मुद्दाम वाचावा असा आहे. लिंडक्विस्ट या नावाने तो ओळखला जातो. एका लहान गावच्या चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण देणाऱ्या या बाईंनी १९९८ च्या अखेरीस, चर्चच्या लोकांना माहिती मिळावी म्हणून, घरच्या कॉम्प्युटरवर काही पाने तयार करून इंटरनेटवर ठेवली. त्यांत आपल्या १८ सहकाऱ्यांविषयी थोडे विनोदी अंगाने लिहिले : नावे, कामे, आवडीनिवडी, काहींचे टेलिफोन नंबर. एका सहकारी बाईच्या पायाला दुखापत झाल्यामुळे त्या अर्धवेळ रजेवर आहेत, असेही त्यात होते. कोणाला ते रुचले नाही असे कळताच त्यांनी ती पाने काढून टाकली. तरीही त्यांना ४,००० क्रोनर दंड झाला आणि प्रकरण युरोपच्या न्यायालयापर्यंत गेले. ६ नोव्हेंबर २००३ च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, इंटरनेटच्या पानावर माणसांची नावे व माहिती देणे ही हाताळणी आहे; पायाची दुखापत ही आरोग्याची माहिती आहे; आणि जे कोणालाही वाचता येते त्याला घरगुती बाब म्हणता येत नाही. बाई धर्मकार्य करीत होत्या, पैसा मिळवीत नव्हत्या, हा बचाव टिकला नाही.

आपल्या मंडळांचे स्वयंसेवक याच बाईंसारखे आहेत. सज्जन, उत्साही, फुकट काम करणारे. म्हणूनच हा खटला येथे सविस्तर दिला.

घरगुती बाबींना कायद्यात सूट आहे हे खरे. एखाद्या व्यक्तीने केवळ स्वतःच्या किंवा घरच्या कामासाठी केलेली हाताळणी कायद्याच्या बाहेर राहते. मुलीच्या लग्नाच्या आमंत्रणांची यादी, आजीच्या औषधांच्या वेळा लिहिलेला कागद, भावंडांच्या वाढदिवसांची वही, या गोष्टींना कोणी हात लावणार नाही. पण तीच लग्नाची यादी पुढे एखाद्या उमेदवाराच्या प्रचारासाठी किंवा विमा विकणाऱ्या भाच्यासाठी दिली की ती घरगुती राहत नाही. वही तीच असते, क्रियापद बदलते. निवडणुकीच्या दिवसांत आपल्या समाजाच्या याद्यांना एकदम भाव येतो, हे सांगावयास नको. मंडळाच्या नावाने दिलेली माहिती पक्षाच्या हाती पडते, आणि ज्या बाईने मंदिराच्या जेवणासाठी नंबर दिला तिला भलत्याच कोणाचे संदेश येऊ लागतात. आमच्या मते हा विश्वासघात आहे, मग तो कोणत्याही पक्षासाठी असो.

आता उलट टोकाची भीतीही ऐकू येते. "मग यादीच करू नका, वह्या जाळा, कटकट नको!" ही भीती अज्ञानाची आहे. हाताळणी म्हणजे गुन्हा असे कायदा कोठेही म्हणत नाही. तो एवढेच म्हणतो की हाताळणीला कारण हवे. व्यक्तीची संमती हे एक कारण. करार पार पाडणे, कायद्याने घातलेले कर्तव्य, कोणाचा जीव वाचविणे, इतिहास किंवा शास्त्रीय संशोधन, अशी इतरही आहेत. धर्म, आरोग्य, वंश यांसारख्या नाजूक माहितीसाठी नियम अधिक कडक आहेत. परंतु धार्मिक संस्थेने आपल्या सभासदांविषयी, योग्य बंदोबस्त ठेवून, आपल्या रीतसर कामासाठी अशी माहिती ठेवण्यास वाव आहे. अट अशी की ती संस्थेबाहेर त्या व्यक्तीच्या संमतीवाचून जाता कामा नये. ही अट आपल्या किती मंडळांना ठाऊक आहे? आणि माहिती कशासाठी व कशी वापरावी हे जो ठरवितो, त्याने डेटा प्रोटेक्शन कमिशनरच्या कचेरीत नोंदणी करावयाची असते, हे तरी किती जणांना? कायद्याच्या भंगासाठी दोन लाख रुपयांपर्यंत दंड आणि पाच वर्षांपर्यंत कैद अशी तरतूद आहे. मंडळाच्या चिटणीसाला उद्या कोणी पकडून नेईल असे नव्हे. पण "आम्हाला सांगितलेच नव्हते" हे म्हणण्याचे दिवस २०१८ मध्येच संपले.

शाळांविषयी थोडे लिहिणे आम्हाला भाग आहे, कारण याद्यांचा सर्वांत मोठा कारखाना शाळाच. हजेरी, गुण, घरची परिस्थिती, वडिलांचा धंदा, मुलाला येणारे झटके, हे सारे शिक्षकाच्या हाती असते. आयर्लंडमधील एका उमेदवाराच्या खटल्यात २० डिसेंबर २०१७ रोजी असे ठरले की, परीक्षेतील लेखी उत्तरे ही त्या उमेदवाराची वैयक्तिक माहिती आहे, आणि तपासणाऱ्याने समासात लिहिलेले शेरेसुद्धा! आम्ही शिक्षक लाल शाईने जे लिहितो ते आमचे मत असते असे आजवर वाटत होते. ते मत आहेच, पण त्या मुलाविषयीची माहितीही आहे, आणि ती त्याला पाहण्याचा हक्क आहे. शेरा लिहिताना हात थोडा सांभाळून चालेल, हे वाईट झाले असे आम्हाला वाटत नाही. मात्र संपूर्ण वर्गाचे गुण पालकांच्या ग्रूपवर एकाच कागदावर पाठविण्याची जी नवी रीत काही ठिकाणी पडली आहे, ती ताबडतोब थांबली पाहिजे. पूर्वी निकाल फळ्यावर लागत असे हे खरे. परंतु फळा संध्याकाळी पुसला जाई. फोनवरचा कागद तो मुलगा नोकरीसाठी अर्ज करील त्या दिवशीही कोणाच्या तरी फोनमध्ये असेल. सोळा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी आईबापांची किंवा पालकांची संमती लागते, हेही संध्याकाळच्या मराठी वर्गांनी आणि सांस्कृतिक कार्यक्रमांच्या फोटोंचे ढीग लावणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

यादीतील शेवटचे क्रियापद 'नष्ट करणे'. काम संपले की माहिती वाजवी वेळात नष्ट करावी, असे कायदा सांगतो. पण नष्ट करणे हीही हाताळणीच. तिलाही विचार हवा. येथे आपल्या समाजाचा इतिहास आडवा येतो.

१८३४ पासून सुमारे साडेचार लाख माणसे हिंदुस्थानातून कराराने या बेटावर आली. मुंबई बंदरातून आलेल्यांत आपले पणजोबा-खापरपणजोबा होते. उतरताच प्रत्येकाची नोंद झाली : नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, अंगावरील खूण, गाव. आणि एक नंबर. पुढे फोटोही आले. कारकुनाच्या कानाला जसे ऐकू आले तसे नाव वहीत उतरले, बापाचे नाव घराण्याचे आडनाव होऊन बसले, आणि ती चूक आज आपल्या दारावरच्या पाटीवर आहे. १८६७ च्या कायद्याने तर कराराची मुदत संपलेल्या माणसालाही आपल्या फोटोचे तिकीट सतत जवळ बाळगणे भाग पडले. ते नसले तर पोलीस भटक्या म्हणून धरीत. या जाचाविरुद्ध १८७१ मध्ये आडोल्फ द प्लेवित्झ यांच्या पुढाकाराने ९,४०१ जुन्या मजुरांनी गव्हर्नरकडे अर्ज केला, आणि त्यानंतर चौकशीसाठी रॉयल कमिशन आले. माहिती गोळा करणारा कोण आणि जिची गोळा होते ती व्यक्ती कोण, यांच्यात बळाचा केवढा फरक असू शकतो, हे आपल्याला कोणा न्यायाधीशाने युरोपातून सांगावयास नको.

परंतु त्याच वह्या आज मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जपलेल्या आहेत, आणि आपल्यापैकी कित्येकांना आपले मूळ गाव केवळ त्यांच्यामुळे कळले. त्या कोणी "काम संपले" म्हणून जाळल्या असत्या तर? तेव्हा जुन्या बैठकांची आणि मंडळांची दप्तरे, ज्यांत साठ-सत्तर वर्षांपूर्वीची नावे व वर्गण्या आहेत, ती रद्दीत घालण्याची घाई करू नये. इतिहासासाठी माहिती राखणे हे कायद्याला मान्य असलेले कारण आहे. उलट गेल्या वर्षी मदत मागणाऱ्या विधवांची यादी, कोणाच्या कर्जाची टिपणे, आजाऱ्यांची नावे, ही काम होताच फाडावीत. ती कोणाचा इतिहास नव्हे, ती कोणाची तरी अडचण आहे. या दोन ढिगांत कोणता कागद कोठे जावा हे ठरविण्यास एक संध्याकाळ आणि तीन समजूतदार माणसे लागतील, त्यांत एक तरी बाई असावी. घरातील कोणती गोष्ट बाहेर गेली की कोणाला सोसावे लागते, याची पुरुषांपेक्षा बायकांना अधिक कल्पना असते.

येत्या वार्षिक सभांच्या कार्यक्रमपत्रिकेवर आम्ही एक विषय सुचवितो. मुदत संपलेला चिटणीस कपाटाची किल्ली नव्या चिटणीसाच्या हाती देतो, त्याची सभेत नोंद होते, टाळ्याही वाजतात. त्याच्या फोनमधील यादीचे काय झाले हे कोणी विचारीत नाही. यंदा किल्लीबरोबर तोही विचारावा, आणि उत्तर सभावृत्तांतात लिहावे.